विरळ हवा आणि ग्लायडरचा उड्डाणारंभ

ग्लायडरचा इतिहास बहुधा विक्रमांच्या क्रमाने सांगितला जातो. कोण किती उंच वा किती दूर गेला, याची नोंद त्यात सापडते. ग्लायडर जमिनीवरून उचलला कसा गेला, हा प्रश्न मात्र गौण ठरतो. उंचावरील विमानतळांच्या बाबतीत वस्तुतः हाच प्रश्न प्रमुख होय. कारण विरळ हवेचा फटका ग्लायडरपेक्षा त्याला उचलणाऱ्या साधनास अधिक बसतो.

१९१९ च्या व्हर्सायच्या तहाने जर्मनीच्या विमान-उद्योगावर कठोर निर्बंध लादले. अशा परिस्थितीत १९२० साली ऱ्होन पर्वतातील ९५० मीटर उंचीच्या वासरकुप्पे या माथ्यावर ऑस्कर उर्सिनुस याच्या पुढाकाराने ग्लायडरच्या स्पर्धा सुरू झाल्या. माणसे रबरी दोर ताणून ग्लायडर उतारावरून सोडीत. १९२२ मध्ये हेंट्झेन याने येथेच तीन तासांहून अधिक काळ उड्डाण केले. त्या काळी उंची ही अडचण नसून भांडवल होते. आणि माणसाच्या बाहुबलात एवढ्या उंचीने उणेपणा येत नसे.

पुढे १९२७ पासून विमानाने ग्लायडर ओढून नेण्याची पद्धत आली आणि १९३३ साली पर्वतामागील वातलहरींचा उपयोग कळून आला. त्यामुळे वैमानिकांचे लक्ष माथ्यांवरून उंच खोऱ्यांतील सपाट धावपट्ट्यांकडे वळले. १९४८ ची जागतिक स्पर्धा स्वित्झर्लंडमधील सामेडान येथे, १,७०७ मीटर उंचीवर, भरली. प्रमाण वातावरणात तेथील हवेची घनता समुद्रसपाटीपेक्षा सुमारे १५ टक्क्यांनी कमी असते. वेगदर्शक नेहमीचाच आकडा दाखवितो. परंतु जमिनीवर उतरताना वा जमीन सोडताना प्रत्यक्ष वेग सुमारे ९ टक्क्यांनी अधिक असतो. उलटपक्षी, साध्या इंजिनाची शक्ती सुमारे एक-षष्ठांशाने घटते. म्हणजे गरज वाढते आणि पुरवठा आटतो. धावपट्टी लांब लागते, चढण मंदावते. उन्हाळ्यातील दुपारी ही तफावत आणखी वाढते. ओढणारा दोर अशा वेळी तुटला, तर वैमानिकाच्या हाती उंचीही थोडी उरते आणि अवधीही. येथे प्रश्न विक्रमाचा नसून प्राणाचा असतो.

कॅलिफोर्नियातील सुमारे १,२५० मीटर उंचीच्या बिशप विमानतळावरून १९ मार्च १९५२ रोजी एडगर व क्लीफोर्थ यांनी १३,४८९ मीटरपर्यंत मजल मारली. या यशाचे श्रेय सिएरा पर्वताच्या वातलहरीस दिले जाते, व ते योग्यच आहे. तथापि लहरीपर्यंत पोहोचविण्याचे काम ओढणाऱ्या विमानाचे होते, हे विसरता येत नाही.

मोटर-ग्लायडरने हे ओझे स्वतःच उचलले. १९९७ मधील श्टेमे एस-१० व्हीटी या यानाला टर्बोचार्जर बसविलेले इंजिन होते. ते विरळ हवा दाबून घेऊन शक्ती टिकविते. २००६ साली प्रमाणित झालेल्या अंतारेस २०ई या यानातील विद्युत-मोटरला तर ज्वलनासाठी हवाच लागत नाही. या एका बाबतीत ती वासरकुप्पेच्या रबरी दोराचीच वारसदार ठरते.

परंतु पंख आणि पंखा यांना हवा लागतेच. इंजिनाची उणीव यंत्रविद्येने पुष्कळशी भरून काढली. वाढलेला वेग आणि लांबलेली धाव मात्र तशीच राहिली. म्हणून उंच विमानतळावरील उड्डाणारंभाची कसोटी नव्या यानालाही चुकलेली नाही.