संशोधन-निबंधांच्या नोंदी आणि त्यांचा शोध : तालिकापत्रापासून यंत्रसाहाय्यकापर्यंत

संशोधन-निबंध लिहिला जाणे आणि तो दुसऱ्या अभ्यासकाला सापडणे या दोन भिन्न घटना होत. दुसरी घटना ज्या नोंदींवर अवलंबून असते त्यांना आज मेटाडेटा असे संबोधले जाते. लेखकाचे नाव, शीर्षक, नियतकालिक, खंड, वर्ष, पृष्ठे एवढाच हा मजकूर असला तरी त्याचा इतिहास ज्ञानव्यवहारातील अधिकाराचा इतिहास आहे. अलीकडे कृत्रिम बुद्धिमत्तेवर चालणारे यंत्रसाहाय्यक या नोंदी परस्पर पाहू लागल्याने त्या इतिहासाकडे नव्याने पाहणे आवश्यक ठरते.

या प्रयत्नांचा आरंभ संगणकापूर्वीचा आहे. पॉल ओटले आणि हेन्री ला फाँतेन या दोन बेल्जियन विधिज्ञांनी १८९५ मध्ये ब्रुसेल्स येथे जगातील सर्व मुद्रित साहित्याची सूची करण्याचे कार्य हाती घेतले. प्रत्येक ग्रंथास व लेखास एक तालिकापत्र अशी योजना होती व पुढे पत्रांची संख्या एक कोटीच्या वर गेली. विशेष म्हणजे या संस्थेकडे टपालाने प्रश्न पाठविता येत असे आणि ठरावीक शुल्क आकारून संबंधित पत्रांच्या नकला पाठविल्या जात. १९१२ च्या सुमारास वर्षाला पंधराशेहून अधिक पृच्छा येत होत्या. एखाद्या विषयावर पन्नासाहून अधिक नोंदी निघण्याचा संभव असल्यास पृच्छकास तशी पूर्वसूचना दिली जाई. आजच्या शोधसाधनांतील निकालांच्या मर्यादेचे हे पूर्वरूपच म्हणावे लागेल! १९३४ मध्ये बेल्जियन शासनाने संस्थेची जागा बंद केली. १९४० मध्ये जर्मन आक्रमणानंतर संग्रहाचा काही भाग नष्ट झाला.

महाराष्ट्रातही याच प्रकारची निष्ठा दिसून येते. शंकर गणेश दाते यांनी सिद्ध केलेली १८०० ते १९३७ या कालखंडाची 'मराठी ग्रंथसूची' १९४३ मध्ये प्रसिद्ध झाली. मराठी ग्रंथव्यवहाराचा कोणताही अभ्यासक आजही या सूचीकडे वळतो. तथापि ग्रंथाची नोंद आणि नियतकालिकातील लेखाची नोंद यांत महदंतर आहे. ग्रंथ कपाटात स्वतंत्रपणे उभा असतो. लेख मात्र अंकाच्या पोटात दडलेला असतो.

लेखाचा शोध घेण्याची वेगळी वाट यूजीन गारफील्ड यांनी दाखविली. अमेरिकन न्यायनिवाड्यांच्या संदर्भांसाठी १८७३ पासून वापरात असलेल्या शेपर्ड सूचीवरून त्यांना कल्पना सुचली आणि १९५५ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात त्यांनी ती मांडली : लेखाचा विषय ठरविण्याचा भार सूचीकाराने वाहण्याऐवजी कोणत्या लेखाने कोणाचा आधार घेतला हे नोंदवावे. १९६१ च्या साहित्यावर आधारलेल्या पहिल्या सूचीत ६१३ नियतकालिके होती. ती कोणी निवडली हा प्रश्न त्या काळी दुय्यम वाटला असावा. पुढे त्याच निवडीवर संशोधकांच्या नेमणुका व बढत्या ठरू लागल्या. सूचीबाहेरचे ते दुय्यम असा समज रूढ झाला, व इंग्रजीखेरीज अन्य भाषांना त्याचा फटका अधिक बसला.

संगणकजाल आल्यावर लेखांचे दुवे तुटू लागले. त्यावर उपाय म्हणून प्रकाशकांनी २००० मध्ये क्रॉसरेफ ही संस्था स्थापन केली. प्रत्येक लेखास डीओआय हा कायम क्रमांक आणि त्यासोबत प्रकाशकाने भरलेली नोंद, अशी तिची रचना आहे. एपीआयच्या द्वारे ही नोंद कोणतीही संगणक-आज्ञावली विनामूल्य मागवू शकते. लेखांतील संदर्भयाद्या मात्र दीर्घकाळ बंदिस्त होत्या. २०१७ मध्ये त्या खुल्या करण्याची चळवळ उभी राहिली आणि २०२२ मध्ये क्रॉसरेफकडील सर्व संदर्भयाद्या खुल्या झाल्या. त्याच वर्षी ओपनअॅलेक्स ही खुली सूचीही सुरू झाली. अलेक्झांड्रियाच्या ग्रंथालयावरून तिचे नाव ठेवण्यात आले.

नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटी आल्यानंतर एक विचित्र संकट उद्भवले. अस्तित्वात नसलेले लेख, खऱ्या नियतकालिकाचे नाव आणि पटण्याजोगे वर्ष देऊन, संदर्भ म्हणून सादर होऊ लागले. कारण उघड आहे : भाषाप्रारूप शब्दांचा संभाव्य क्रम जुळविते, सूची पाहत नाही. म्हणून यंत्रसाहाय्यकाच्या हाती सूची देणारी साधने निर्माण झाली. नोव्हेंबर २०२४ मध्ये अशा जोडणीसाठी मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल हा सामाईक संकेत जाहीर झाला. साधन शीर्षक किंवा डीओआय घेऊन क्रॉसरेफ वा ओपनअॅलेक्सकडे पृच्छा करते आणि मिळालेली नोंद साहाय्यकास परत देते. सप्टेंबर २०२३ मध्ये रिट्रॅक्शन वॉचची माहिती क्रॉसरेफने संपादन करून खुली केल्याने लेख मागे घेतला गेला आहे काय, हेही तपासता येते.

परंतु साधन सूचीपेक्षा अधिक जाणू शकत नाही. प्रकाशकाने लेखकाचे नाव चुकीचे भरले असल्यास चूक तशीच पुढे जाते. आणि ज्या लेखास डीओआयच नाही, त्याबाबत क्रॉसरेफकडून 'नोंद आढळली नाही' असेच उत्तर येते. हे उत्तर 'लेख नाही' असे वाचले जाण्याचा धोका मोठा आहे. मराठीतील कितीतरी महाविद्यालयीन नियतकालिकांचे जुने अंक याच स्थितीत आहेत. खोटा संदर्भ आणि नोंदविहीन मराठी निबंध, दोन्हींना यंत्राकडून एकच उत्तर मिळते. भेद करावयाचा तो अद्याप अंक हाती घेऊन पाहणाऱ्या ग्रंथपालानेच. ज्या महाविद्यालयाने आपल्या अंकांची लेखनिहाय सूची देवनागरीत व रोमन लिप्यंतरासह तयार करून ठेवली असेल, त्याचे निबंध खुल्या सूचींत दाखल करणे तुलनेने सोपे जाते. इतरांच्या बाबतीत कामाचा आरंभ अजूनही कपाटातील पहिल्या अंकापासूनच करावा लागतो.