जनुकाचा घास

सदोष जनुकामुळे होणाऱ्या रोगावर निर्दोष जनुक हेच औषध. या कल्पनेची सविस्तर चर्चा फ्रीडमन आणि रॉब्लिन यांनी १९७२ साली ‘सायन्स’ नियतकालिकात केली. १४ सप्टेंबर १९९० रोजी अमेरिकेत चार वर्षांच्या मुलीवर पहिला अधिकृत जनुकोपचार झाला. तिच्या रक्तातील पांढऱ्या पेशी काढून, विषाणूकरवी त्यांत जनुक घालून त्या परत शिरेवाटे सोडल्या. एवढा खटाटोप कशासाठी? जनुक गोळीसारखे गिळता येणार नाही का?

अडचण पोटातच आहे. मेथीच्या भाजीबरोबर आपण मेथीचे डीएनएही खातो. पण मेथीची जनुके आपल्या पेशींत कामाला लागत नाहीत. जठरातील आम्ल आणि आतड्यातील विकरे डीएनएचे तुकडे करतात. या पहाऱ्यातून जनुक सुखरूप न्यायचे तर त्याला वेष्टण हवे.

ते मिळाले खेकडे-कोळंबीच्या कवचातून. कवचातील कायटिन तीव्र अल्कलीत उकळले की कायटोसान मिळते. फ्रेंच शास्त्रज्ञ रूजे यांनी १८५९ साली ते प्रथम तयार केले. सौम्य आम्लात त्याच्यावर धन विद्युतभार येतो. डीएनएवर ऋणभार असतो. त्यामुळे दोन्ही एकमेकांना धरून ठेवतात आणि अतिसूक्ष्म नॅनोकण बनतात.

१९९९ साली बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातील कृष्णेंदू रॉय, काम लिआँग व सहकाऱ्यांनी शेंगदाण्यातील एका प्रथिनाचे जनुक अशा कणांतून उंदरांना तोंडावाटे दिले. पुढे या उंदरांना शेंगदाण्याच्या ॲलर्जीचा झटका बराच सौम्य आला. वेष्टणाविना डीएनए दिलेल्या उंदरांना तसे संरक्षण मिळाले नाही. हा दुसरा गट विद्यार्थ्यांना आवर्जून दाखवावा. तो नसता, तर श्रेय वेष्टणाचे की नुसत्या जनुकाचे, हे ठरवता आले नसते.

त्याच वर्षी सप्टेंबरात फिलाडेल्फियात, विषाणूवाटे जनुक दिल्यानंतर, १८ वर्षांचा जेसी गेल्सिंगर दगावला. विषाणूवाचून जनुक पोहोचवण्याची निकड त्याने अधिकच जाणवली.

२०२० च्या अखेरीस मेदाच्या नॅनोकणांतून आरएनए नेणाऱ्या करोना लशी आल्या, पण त्याही दंडात टोचायच्या. गिळण्याचा जनुकोपचार मात्र अजून प्रयोगशाळेबाहेर रुळलेला नाही. आतड्यातील चिकट श्लेष्मा कणांना अडवतो. शिवाय अस्तराच्या बहुतेक पेशी चार-पाच दिवसांत गळून पडतात आणि त्यांच्याबरोबर नवे जनुकही जाते. शरीराला शत्रूची ओळख करून देणाऱ्या लशीला एवढा मुक्काम पुरू शकतो. जन्मभराच्या रोगाला तो पुरत नाही.