ओठावरचा लाल ठिपका

मैत्रिणींनो, फोटो काढायची वेळ आली की आपल्यातल्या कितीतरी जणी “आता या वयात कसला फोटो!” म्हणून मागे सरतात. आज ज्या बाईंची गोष्ट सांगणार आहे, त्यांनी ऐंशी ओलांडल्यावर, शेवटच्या दोन वर्षांत, स्वतःचीच वीसेक चित्रं रंगवली.

त्यांचं नाव हेलेन शेर्फबेक. जन्म १८६२चा, फिनलंडमधल्या हेलसिंकीचा. चार वर्षांच्या असताना त्या जिन्यावरून पडल्या, कमरेला मार बसला आणि जन्मभर लंगडत चालावं लागलं. शाळा घरीच झाली. अकराव्या वर्षी मात्र चित्रशाळेत नाव लागलं, आणि अठराव्या वर्षी सरकारी मदतीवर त्या पॅरिसला गेल्या.

पुढे फिनलंडच्या कला संस्थेने सभागृहात लावण्यासाठी नऊ चित्रकारांना स्वतःचं चित्र काढायला सांगितलं. त्या नवांत बाई एकच, ह्याच. १९१५चं ते चित्र मला फार आवडतं. मागे काळाभोर रंग, चेहरा फिका, गालांवर लाली, शेजारी कुंचल्यांचं लाल भांडं. नजर अशी, की कुणी दया दाखवायला धजू नये.

भावना दाखवायची तर रंगाचे जाड थर हवेत, जोरकस फटकारे हवेत, असं आपल्याला वाटतं. व्हॅन गॉगची चित्रं तशी आहेतच. हेलेनबाईंनी उलट केलं. लावलेला रंग त्या खरवडायच्या, पुसायच्या. खालच्या कॅनव्हासचा पोत दिसू द्यायच्या. वय वाढत गेलं तसा चित्रातला चेहराही कमी कमी रेघांवर आला. रडणं नाही, कपाळाला हात नाही. जे पुसून टाकलंय, तिथंच काळीज हलतं.

१९४४ साली युद्धामुळे त्या स्वीडनला गेल्या आणि स्टॉकहोमजवळच्या एका हॉटेलात राहिल्या. आजारी होत्या, एकट्या होत्या. समोर बसायला दुसरं कोण असणार? आरसा होता. त्याच वर्षीच्या एका चित्रात चेहरा पार राखेसारखा झालाय, आणि खालच्या ओठावर तेवढा एक लाल ठिपका. या चित्रांत पुष्कळांना फक्त मरण दिसतं. मला तो ठिपका हट्टी वाटतो. चेहऱ्यावरचा सगळा रंग काढून घेतला, पण तेवढा त्यांनी राहू दिला.

जानेवारी १९४६मध्ये त्या गेल्या. ठिपक्याचं ते चित्र आज हेलसिंकीच्या आतेनेउम संग्रहालयात आहे.