खोली आणि शाळा : मुंबईच्या कामगार वस्तीतील सार्वजनिक घरे आणि पालिकेचे प्राथमिक शिक्षण

मुंबई महानगरपालिकेच्या 1888 च्या कायद्यात पालिकेची कर्तव्ये दोन प्रकारची मानली आहेत : काही पार पाडलीच पाहिजेत अशी बंधनकारक, तर काही पालिकेने आपल्या इच्छेने आणि ऐपतीप्रमाणे हाती घ्यावीत अशी ऐच्छिक. फिरोजशहा मेहता यांच्यासारख्या नगरसेवकांच्या आग्रहामुळे पुष्कळ घासूनपुसून तयार झालेल्या या कायद्याच्या 61 व्या कलमात बंधनकारक कर्तव्यांची यादी आहे, आणि रस्ते, गटारे, दिवे, पाणी यांच्या जोडीने प्राथमिक शाळा चालवणे, त्यांना साहाय्य देणे व त्यांच्यासाठी योग्य जागा पुरवणे हे कर्तव्यही त्या यादीत आले. गरिबांना राहायला जागा देणे मात्र त्या यादीत नव्हते. कायदा करणाऱ्यांना शाळा ही सार्वजनिक गरज वाटली आणि घर हा मालक व भाडेकरू यांच्यातील खासगी व्यवहार वाटला. पुढील अर्ध्या शतकात गिरणगावातील कामगार कुटुंबाच्या वाट्याला जे काही सार्वजनिक आले, त्यावर या एका फरकाची छाप पडलेली दिसते.

घराचा प्रश्न शहराच्या दारात आणला तो प्लेगने. सप्टेंबर 1896 मध्ये मांडवी भागातील तापाच्या रुग्णांना प्लेग झाल्याचे निदान मूळचे गोव्याचे असलेले डॉ. अकासियो व्हिएगस यांनी केले, आणि काही महिन्यांतच रोग शहरभर पसरून लोक लाखांच्या संख्येने मुंबई सोडू लागले. दाट वस्ती, कोंदट खोल्या आणि तुंबलेली गटारे हेच रोगाचे मूळ आहे, अशी सरकारची समजूत झाली. उंदीर आणि त्यांच्यावरील पिसवा यांच्यामार्फत रोग पसरतो, हे तेव्हा सर्वमान्य झालेले नव्हते. त्या समजुतीतून 1898 च्या कायद्याने ‘बॉम्बे इम्प्रुव्हमेंट ट्रस्ट’ ही स्वतंत्र संस्था स्थापन झाली. दाट वस्त्या पाडणे, रुंद रस्ते काढणे, शहराच्या उत्तरेकडील मोकळी जमीन वसाहतीयोग्य करणे आणि गरिबांसाठी चाळी बांधणे ही कामे तिच्याकडे सोपवण्यात आली. ट्रस्टच्या मंडळावर पालिकेचे काही प्रतिनिधी होते. मात्र व्यापारी, गिरणीमालक, बंदराचे अधिकारी आणि सरकारनियुक्त सभासद यांचाच वरचष्मा राहिला. ट्रस्टच्या कर्जाचा भार उचलण्यासाठी पालिकेला दरवर्षी वर्गणी द्यावी लागे, म्हणजे पैसा करदात्यांचा आणि निर्णय दुसऱ्यांचा, अशी ही व्यवस्था होती. पालिकेच्या सभांमध्ये याविषयी वारंवार तक्रार झाली आणि ती रास्तच होती.

ट्रस्टचे काम केवळ पाडापाडीचे होते असे म्हणणे मात्र अन्यायाचे ठरेल. आग्रीपाडा, नागपाडा, परळ आदी भागांत ट्रस्टने बांधलेल्या बीआयटी चाळींमध्ये खोल्यांपुढे गॅलरी, दोन इमारतींमध्ये मोकळी जागा आणि उजेडाची निश्चित मोजणी होती. ट्रस्टचे अध्यक्ष जे. पी. ऑर यांनी साडेत्रेसष्ट अंशांचा नियम लावून धरला. खोलीच्या खिडकीसमोर जी इमारत असेल तिच्या माथ्याकडे जाणारी रेषा जमिनीशी साडेत्रेसष्ट अंशांहून मोठा कोन करणार नाही, असा हा नियम होता, आणि व्यवहारात त्याचा अर्थ समोरची इमारत जेवढी उंच असेल तिच्या निम्म्याइतके अंतर मध्ये मोकळे सोडायचे, एवढाच होता. पन्नास फूट उंच चाळीसमोर पंचवीस फूट आकाश. भुलेश्वर-मांडवीच्या गल्ल्यांमध्ये जिथे दोन घरांमधून जेमतेम भंगी-बोळ जात असे, तिथून आलेल्या माणसाला हा फरक श्वासातच जाणवणार होता. अडचण होती ती संख्येची आणि भाड्याची. जुन्या खोल्या पाडण्याचा वेग नव्या बांधण्याच्या वेगापेक्षा जास्त राहिला. शिवाय ज्यांची घरे गेली त्यांना नवी खोली परवडेल किंवा कामाच्या ठिकाणाजवळ मिळेल याची हमी नव्हती, आणि बरीच कुटुंबे शेजारच्या जुन्या चाळीत आणखी दाटीने राहू लागली. दादर, माटुंगा, शीव येथील ट्रस्टच्या आखीव योजना मुख्यतः मध्यमवर्गाच्या कामी आल्या.

शाळांची कहाणी याच काळात निराळ्या वाटेने चालली होती. आरंभी मुंबईतील प्राथमिक शाळांचा कारभार सरकार आणि पालिका यांच्या संयुक्त समितीकडे होता आणि खर्च कोणी किती सोसायचा यावर तंटे चालत. त्याहून मोठा तंटा पोलिसांच्या खर्चाचा होता : पोलिसांवर अधिकार सरकारचा, पण त्यांच्या खर्चाचा मोठा भाग पालिकेच्या माथी. अखेर 1907 च्या कायद्याने तडजोड झाली. सरकारने पोलिसांचा खर्च स्वतःकडे घेतला आणि त्याच्या बदल्यात प्राथमिक शिक्षण व वैद्यकीय मदत यांचा भार पालिकेने पत्करला. वरवर पाहता हा निव्वळ हिशेबाचा व्यवहार होता, परंतु शहराच्या इतिहासात त्याचे मोल फार मोठे आहे, कारण या दिवसापासून मुंबईतील गरिबांच्या मुलांची शाळा करदात्यांना उत्तरदायी असलेल्या संस्थेच्या अंदाजपत्रकात आली आणि तिच्यावर दरवर्षी जाहीर चर्चा होऊ लागली.

प्राथमिक शिक्षण सक्तीचे असावे ही मागणी महाराष्ट्राला नवी नव्हती. महात्मा जोतीराव फुले यांनी 1882 मध्ये हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात किमान बारा वर्षांच्या वयापर्यंत ते सक्तीचे करावे असे म्हटले होते. बडोद्यात सयाजीराव गायकवाडांनी 1893 मध्ये अमरेली तालुक्यात प्रयोग करून 1906 मध्ये साऱ्या संस्थानाला सक्ती लागू केली, आणि कोल्हापुरात शाहू महाराजांनी 1917 मध्ये तोच मार्ग धरला. ब्रिटिश मुलखात गोपाळ कृष्ण गोखले यांनी मार्च 1911 मध्ये केंद्रीय कायदेमंडळात मांडलेले विधेयक तर अतिशय मवाळ होते. सक्ती करायची की नाही हे स्थानिक संस्थेने ठरवावे, त्यासाठी तिला शिक्षणकर बसवता यावा, आणि ज्या पालकाचे उत्पन्न महिना 10 रुपयांहून कमी असेल त्याच्याकडून फी घेऊ नये, एवढेच त्यात होते. मार्च 1912 मध्ये ते 13 विरुद्ध 38 मतांनी फेटाळले गेले. गोखल्यांची कल्पना विठ्ठलभाई पटेल यांच्या 1918 च्या कायद्याने मुंबई इलाख्यातील जिल्हा नगरपालिकांना लागू झाली. पुण्यात ती लागू करताना सक्ती मुलींनाही असावी की नाही यावरून मोठे वादळ उठले. मुंबई शहरासाठी 1920 मध्ये वेगळा कायदा झाला आणि 1925 मध्ये पालिकेने एफ आणि जी या दोन वॉर्डांत मोफत व सक्तीचे शिक्षण सुरू केले.

या दोन वॉर्डांची निवड ध्यानात घेण्याजोगी आहे. परळ, नायगाव, शिवडी, वरळी, माहीम असा गिरण्यांचा आणि गिरणीकामगारांचा मुलूख त्यांत येत होता, आणि नेमक्या याच मुलखात त्याच सुमारास सरकारची कामगारांच्या घरांची दुसरी मोठी योजना उभी राहत होती. पहिल्या महायुद्धानंतर भाडी भडकली, संप झाले, आणि गव्हर्नर जॉर्ज लॉइड यांनी 1920 मध्ये ‘बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट’ हे नवे खाते काढून 50,000 खोल्या बांधण्याचा संकल्प सोडला. कर्ज काढून आणि शहरात येणाऱ्या कापसाच्या गाठीमागे 1 रुपया जकात बसवून पैसा उभा करायचे ठरले. प्रत्यक्षात वरळीला 121, नायगावला 42, डिलाईल रोडला 32 आणि शिवडीला 12 अशा 207 चाळी झाल्या, म्हणजे खोल्या सुमारे साडेसोळा हजार. याच खात्याची बॅकबेची भरणी योजना तोट्यात गेली आणि खुर्शीद नरिमन यांनी तिच्या कारभारावर केलेल्या आरोपांचे प्रकरण न्यायालयात गाजले. घरांची योजना त्या बदनामीच्या सावलीत आवरती घेतली गेली.

बीडीडी चाळीची रचना आजही पाहता येते. तळमजला आणि वर तीन मजले, प्रत्येक मजल्यावर मधोमध एक लांब व्हरांडा, त्याच्या दोन्ही अंगांना दहा-दहा खोल्या, प्रत्येक खोली 160 चौरस फुटांची, आणि संडास सामायिक. इमारत काँक्रीटची असल्याने ती टिकली. परंतु दोन रांगांच्या मधला व्हरांडा भर दुपारी अंधारा राही, आणि ट्रस्टच्या चाळीतील उघड्या गॅलरीचा मोकळेपणा त्यात नव्हता. गिरण्यांपासून दूर पडणाऱ्या, वस्ती नसलेल्या वरळीत सुरुवातीची काही वर्षे कित्येक चाळी ओस पडल्या होत्या, भाडी उतरवावी लागली, आणि कायदेभंगाच्या चळवळीत त्यांतल्या काहींचा तुरुंग म्हणून उपयोग झाला. शहरात कामगारांची दाटी असताना सरकारी खोल्या रिकाम्या का राहिल्या, याचे उत्तर कठीण नाही. मजूर कार्यालयाने 1921-22 च्या सुमारास केलेल्या पाहणीत कामगार कुटुंबांपैकी शेकडा 97 एकाच खोलीत राहत असल्याचे आढळले. त्या खोलीचे भाडे चुकवण्यासाठीही पोटभाडेकरू किंवा खानावळीचे गाववाले ठेवणाऱ्या कुटुंबाला केवळ नव्या भिंती नको होत्या. त्याला गिरणीच्या भोंग्याच्या टप्प्यातली, वाणी उधार देईल अशा ओळखीच्या वस्तीतली जागा हवी होती.

असे असूनही या खोल्यांनी एका मोठ्या समाजाला आधार दिला. खासगी चाळींचे मालक अस्पृश्य मानल्या गेलेल्या जातींना सहसा खोली देत नसत, आणि सरकारी वा ट्रस्टच्या चाळीत निदान भाड्याच्या पावतीवर हक्क सांगता येत असे. म्हणूनच या चाळींमध्ये दलित कुटुंबांची वस्ती मोठी झाली. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचे कुटुंब 1912 पासून दोन दशकांहून अधिक काळ परळच्या पोयबावडीतील बीआयटी चाळीत दुसऱ्या मजल्यावरील 50 आणि 51 क्रमांकांच्या दोन खोल्यांत राहिले. कोलंबिया विद्यापीठात जाण्याआधी आणि तेथून परतल्यावरही त्यांचा पत्ता हाच होता. शाळेच्या दारात मात्र केवळ पावती पुरेशी नव्हती. रावबहादूर सीताराम केशव बोले यांनी ऑगस्ट 1923 मध्ये मुंबई कायदेमंडळात संमत करून घेतलेल्या ठरावाने सार्वजनिक पैशातून चालणारे पाणवठे, धर्मशाळा, शाळा आणि दवाखाने अस्पृश्यांना खुले करण्यास सांगितले. हा ठराव मुख्यतः महाडच्या तळ्याच्या सत्याग्रहामुळे स्मरणात राहिला आहे, परंतु त्यात शाळांचा उल्लेख होता आणि तो स्थानिक संस्थांना उद्देशून होता, ही गोष्ट तितक्याच ठळकपणे सांगितली गेली पाहिजे.

खोली सरकारी खात्याची, शाळा पालिकेची, आणि दोन्ही वापरणारा माणूस मात्र दीर्घकाळ मतदार नव्हता. पालिकेचा मताधिकार आरंभी करदात्यांपुरता होता. 1922 मध्ये तो महिना किमान 10 रुपये भाडे देणाऱ्यांना मिळाला, पण एका खोलीत राहणारे बहुसंख्य कामगार त्या मर्यादेच्या खालीच राहिले. प्रौढ मताधिकाराने पालिकेची निवडणूक 1948 मध्ये झाली. त्याआधीच्या पाव शतकात शाळांचा विस्तार झाला तो मुख्यतः अधिकारी आणि सुधारक यांच्या चिकाटीमुळे. पालिकेच्या शाळा समितीचे चिटणीस रा. वि. परुळेकर हे त्यांपैकी प्रमुख नाव. 1929 च्या हार्टोग समितीने ‘गळती’, म्हणजे मूल शिक्षण अर्धवट सोडून जाणे, आणि ‘स्थगन’, म्हणजे एकाच इयत्तेत रखडणे, यांवर बोट ठेवून विस्तारापेक्षा गुणवत्तेला अग्रक्रम द्यावा असे सुचवले. परुळेकरांनी या भूमिकेला आकडेवारीसह विरोध केला. आधी सर्व मुले शाळेत आली पाहिजेत, इमारती आणि शिक्षक कमी असतील तर पाळी पद्धतीने, म्हणजे त्याच जागेत सकाळी एक आणि दुपारी दुसरा गट बसवून, शाळा चालवाव्यात, असे त्यांचे मत होते. एकाच खोलीत पाळीपाळीने झोपणाऱ्या कामगारांच्या शहरात ही सूचना व्यवहाराला धरून होती. भाड्याच्या जागेत भरणाऱ्या, मराठीबरोबर गुजराती, उर्दू आणि इतर भाषांतून शिकवणाऱ्या पालिकेच्या शाळांनी मुंबईतील अनेक कुटुंबांमध्ये पहिली साक्षर पिढी घडवली. परताव्याचा हिशेब न मांडता चालवलेली सेवा पोहोचली आणि भाड्यातून खर्च निघावा म्हणून बांधलेली खोली अर्ध्या वाटेत अडली, हा या दोन कहाण्यांतला निर्णायक फरक आहे.

ट्रस्ट 1933 मध्ये पालिकेत पूर्णपणे विलीन झाला आणि बीआयटी चाळी पालिकेच्या मालकीच्या झाल्या. बीडीडी चाळी राज्य शासनाकडे राहिल्या. स्वातंत्र्यानंतर घरांचे काम गृहनिर्माण मंडळाकडे आणि 1977 पासून म्हाडाकडे गेले, म्हणजे घर पुन्हा एकदा पालिकेच्या सभागृहाबाहेरच राहिले. वरळी, नायगाव आणि ना. म. जोशी मार्ग (पूर्वीचा डिलाईल रोड) येथील बीडीडी चाळींच्या पुनर्विकासाचे भूमिपूजन 2017 मध्ये झाले आणि 160 फुटांच्या जागी रहिवाशाला 500 चौरस फुटांचे घर देण्याचे ठरले. शिवडीची जमीन बंदर न्यासाची असल्याने तेथील चाळी त्या योजनेत आल्या नाहीत. शिक्षणाच्या बाबतीत 2009 च्या हक्क कायद्याने प्रत्येक मुलाला शेजारच्या शाळेत प्रवेश मिळवून देण्याचे कर्तव्य स्थानिक प्राधिकरणावरच टाकले आहे. नव्या उंच इमारतींच्या आराखड्यात वाहनतळाचे मजले मोजले जातात. त्याच आराखड्यात पालिकेच्या शाळेसाठी जागा किती आणि कुठे राखली आहे, हे गिरणगावातल्या प्रत्येक रहिवाशाने आणि नगरसेवकाने इमारत उभी राहण्यापूर्वी विचारून घ्यावे.