पेटीवरून रंगमंचावर : गोविंदराव टेंबे

मराठी संगीत नाटकाचा इतिहास बहुधा गायक नटांच्या नावांनी सांगितला जातो. पेटी, ऑर्गन, सारंगी आणि तबला यांची साथ करणाऱ्यांच्या वाट्याला त्यात फार तर एखादी ओळ येते. साथीदाराच्या बैठकीवरून उठून संगीत दिग्दर्शक, नाटक मंडळीचा भागीदार आणि पुढे बोलपटाचा नायक झालेल्या गोविंदराव टेंबे (1881-1955) यांची कारकीर्द या दृष्टीने मुळातून अभ्यासण्याजोगी आहे.

शाहू महाराजांनी अल्लादियाखाँ यांना राजाश्रय दिल्यामुळे कोल्हापूर हे ख्यालगायकीचे मोठे केंद्र बनले होते आणि तेथेच टेंबे यांच्या कानावर संस्कार झाले. पुढे भास्करबुवा बखले यांच्या मैफलींत साथ करताना ते संस्कार पक्के होत गेले. ज्या वाद्यावर त्यांनी हा व्यासंग केला ते मात्र या गायकीला सहजासहजी दाद देणारे नव्हते. पेटीचे सूर धातूच्या पट्ट्यांवर आधीच बांधलेले असल्याने एका स्वरावरून दुसऱ्यावर अखंड घसरत जाण्याची क्रिया, म्हणजे मींड, तीवर निघत नाही. कुशल वादकाला बोटांच्या हलक्या स्पर्शाने, कणस्वरांनी आणि भात्याच्या दाबातील चढउतारांनी तिचा केवळ आभास निर्माण करावा लागतो. गवयाच्या गळ्यातील नेमके काय पेटीवर येते आणि काय निसटते, याचा विचार अशा वादकाला क्षणोक्षणी करावा लागतो. टेंबे यांच्या चालींतील नेटकेपणाचे मूळ या शिस्तीत असावे.

किर्लोस्करांच्या काळी नाट्यपदांत साकी, दिंडी, कीर्तनी चाली आणि लावणीचे वळण यांचे मिश्रण असे. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर यांचे ‘मानापमान’ किर्लोस्कर नाटक मंडळीने 12 मार्च 1911 रोजी मुंबईत रंगभूमीवर आणले, तेव्हा टेंबे यांनी हिंदुस्थानी बंदिशी आणि पूरब अंगाची ठुमरी यांतून चाली निवडून त्या बालगंधर्वांच्या गळ्याला साजतील अशा बेताने बसवल्या; या एका नाटकाने नाट्यसंगीताचा पुढचा मार्ग ठरवला, असे म्हणण्यात अतिशयोक्ती नाही.

1913 साली बालगंधर्व, गणपतराव बोडस आणि टेंबे या तिघांच्या भागीदारीत गंधर्व नाटक मंडळी स्थापन झाली. तेथे टेंबे नट म्हणूनही उभे राहिले, मात्र ही भागीदारी फार काळ टिकली नाही आणि त्यांनी शिवराज ही स्वतःची मंडळी काढली.

प्रभात कंपनीने 1932 साली ‘अयोध्येचा राजा’ हा आरंभीचा मराठी बोलपट कोल्हापुरात निर्माण केला, तेव्हा पार्श्वगायनाची पद्धत रूढ झालेली नव्हती. नटाला कॅमेऱ्यासमोर अभिनय करता करताच गावे लागे आणि वादक चौकटीबाहेर बसून साथ करीत. व्ही. शांताराम यांनी दिग्दर्शित केलेल्या या बोलपटात दुर्गा खोटे यांच्या तारामतीसमोर हरिश्चंद्राची भूमिका टेंबे यांनी केली आणि संगीतही त्यांनीच दिले. त्याच वर्षीच्या ‘माया मच्छिंद्र’मध्येही नायक आणि संगीतकार तेच होते. वयाच्या पन्नाशीत, रंगभूमीची सवय मुरलेल्या माणसाने हे नवे माध्यम आपलेसे करावे, ही त्यांच्या बुद्धीच्या ताजेपणाची साक्ष होय.

‘माझा संगीत व्यासंग’ (1939) या ग्रंथात त्यांनी आपली सांगीतिक जडणघडण नोंदवून ठेवली. त्यानंतर लगेचच, 1940 साली, भारतीय संगीताला अयोग्य ठरवून नभोवाणीने पेटीवर बंदी घातली. ज्या वाद्यातून मराठी नाट्यसंगीताची एक परंपरा घडली होती, त्यावर झालेला हा अन्यायच होता. टेंबे 1955 साली निवर्तले, तेव्हाही ती बंदी अमलात होती.