नागपाड्याचे शेजारघर : मिशनरी सेवेतील एक स्थित्यंतर

महाराष्ट्रातील ख्रिस्ती मिशनांच्या कार्याचा परामर्श घेताना आपले अभ्यासक बहुधा दोन प्रश्नांपाशी येऊन थांबतात. पहिला प्रश्न धर्मांतराचा आणि दुसरा शिक्षण व मुद्रण यांच्या प्रसाराचा. हे दोन्ही प्रश्न महत्त्वाचे आहेत यात शंका नाही. परंतु त्यांच्या जोडीला एक तिसरा प्रश्नही विचारावयास हवा. गिरण्यांच्या शहरात, जातिधर्मांची सरमिसळ झालेल्या एखाद्या गरीब मोहल्ल्यात मिशनने पाऊल टाकले तेव्हा त्याने तेथे काय केले, आणि ते करता करता त्याचे स्वतःचे स्वरूप कसे पालटले? मुंबईच्या नागपाडा भागात 1927 मध्ये सुरू झालेल्या ‘नागपाडा नेबरहूड हाऊस’ या संस्थेच्या आधारे या प्रश्नाचा विचार करण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

तुलनेसाठी आरंभ आपल्या मराठवाड्यापासूनच करणे सोयीचे होईल. अजिंठ्याच्या पायथ्याशी असलेले फर्दापूर हे पूर्वी निजामी राज्याच्या सीमेवरचे गाव होते. त्याच्या एका अंगास खानदेशचा ब्रिटिश मुलूख, तर दुसऱ्या अंगास औरंगाबाद व जालना यांकडे पसरलेला खेड्यापाड्यांचा प्रदेश. या प्रदेशात एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मिशनरी कार्याने जे रूप घेतले त्याचा ठळक नमुना म्हणजे जालन्याजवळचे बेथेल. स्कॉटिश फ्री चर्चचे रेव्हरंड नारायण शेषाद्री यांनी सालारजंगांच्या कारकीर्दीत मिळालेल्या जमिनीवर ही ख्रिस्ती वसाहत उभी केली. अस्पृश्य मानलेल्या जातींतून आलेल्या नवख्रिस्त्यांना गावगाड्यातून बाहेर काढून त्यांना शेती, धंदा आणि शाळा यांचा आधार द्यावयाचा, अशी त्यामागील दृष्टी होती. गावात राहून नवा धर्म पाळणे म्हणजे पाणवठा, बलुते व आसरा या सर्वांवर पाणी सोडणे होते. म्हणून वेगळे गाव वसविणे ही केवळ हौस नव्हती, गरज होती. तथापि या पद्धतीत गरिबाची सेवा आणि त्याचे वेगळे होणे या दोन गोष्टी एकमेकींशी जखडल्या गेल्या, हेही तितकेच खरे.

मुंबईत याच पद्धतीची पुनरावृत्ती करणे शक्य नव्हते. अमेरिकन मराठी मिशनचे पहिले धर्मोपदेशक, गॉर्डन हॉल व सॅम्युएल नॉट, 1813 मध्ये मुंबईस उतरले. 1824 मध्ये या मिशनने मुलींची शाळा काढली, आणि पुढे 1842 मध्ये अहमदनगर येथून ‘ज्ञानोदय’ सुरू केले. अर्थात शाळा, छापखाना आणि प्रवचन हीच त्याची पहिल्या शतकातील साधने होती. परंतु ज्या मुंबईत हॉल आणि नॉट उतरले ती व्यापारी बंदराची मुंबई होती. 1921 च्या खानेसुमारीच्या वेळची पावणेबारा लाख वस्तीची मुंबई गिरण्यांची आणि चाळींची झाली होती. एकेका खोलीत एकेक कुटुंब, कित्येकदा त्याहून अधिक माणसे, राहत होती. अशा शहरात दारिद्र्य हे व्यक्तीचे दुर्दैव न राहता वस्तीचे लक्षण बनते. व्यक्तीला उचलून दुसरीकडे नेण्याने वस्ती सुधारत नाही.

नागपाड्यास या दृष्टीने विशेष अर्थ आहे. 1896 मध्ये मुंबईत प्लेगचा उद्भव झाल्यानंतर शहराची गलिच्छ वस्ती हटविण्यासाठी 1898 मध्ये ‘सिटी इंप्रूव्हमेंट ट्रस्ट’ स्थापन झाला, आणि त्याची पहिलीच योजना नागपाड्याची होती. जुनी घरे पाडून रुंद रस्ते काढण्यात आले. पण पाडणे जितके जलद, तितके बांधणे जलद नसते. विस्थापित गरीब शेजारच्या वस्त्यांत दाटीने शिरले, अशी टीका ट्रस्टवर पुढे सातत्याने होत राहिली. मुसलमान, बगदादी यहुदी, ख्रिस्ती आणि हिंदू असे नाना समाज या भायखळा-नागपाडा परिसरात शेजारी शेजारी राहत. कामाठीपुरा हाकेच्या अंतरावर होता. सरकारी सुधारणेने येथील रस्ते बदलले होते. शेजार घडविण्याचे काम मात्र तिच्या आवाक्यातले नव्हते.

या ठिकाणी क्लिफर्ड मॅन्शार्ट या तरुण अमेरिकन मिशनऱ्याने कार्यास आरंभ केला. ते 1925 मध्ये अमेरिकन मराठी मिशनतर्फे मुंबईस आले. त्यांचे शिक्षण शिकागो येथे झाले होते, आणि शिकागो म्हणजे जेन अ‍ॅडम्स यांच्या 1889 मध्ये स्थापन झालेल्या हल हाऊसचे शहर. हल हाऊसला लंडनच्या टॉयन्बी हॉलची, म्हणजे 1884 मध्ये सॅम्युएल बार्नेट या धर्मोपदेशकाने काढलेल्या संस्थेची, प्रेरणा होती. ‘सेटलमेंट’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या चळवळीचे सूत्र साधे होते : सुशिक्षिताने गरिबाला दुरून दान न देता त्याच्या वस्तीत घर करून त्याचा शेजारी व्हावे, आणि वस्तीच्या गरजा वस्तीकडूनच समजून घ्याव्यात.

नेबरहूड हाऊसने ग्रंथालय, वर्ग, लहान मुलांची देखभाल, आरोग्य, व्यायाम आणि खेळ अशी कामे हाती घेतली. त्यांपैकी कोणतेही काम स्वतंत्रपणे पाहता अपूर्व नव्हते. अपूर्व होते ते त्यांचे एका छपराखाली येणे, आणि त्या छपराखाली येताना कोणाचाही धर्म न विचारला जाणे. तितकेच लक्षणीय म्हणजे येथे भरविलेली नागरी प्रश्नांवरील व्याख्याने. मॅन्शार्ट यांनी संपादिलेली, मुंबईच्या वर्तमान व भावी स्थितीवरील व्याख्याने 1930 मध्ये प्रसिद्ध झाली. 1935 मध्ये मुंबई महानगरपालिकेच्या कारभारावरचे पुस्तक निघाले. प्रवचनाच्या जागी नगरपालिकेच्या कारभाराची चर्चा आली, ही घटना बारकाईने पाहण्यासारखी आहे. दारिद्र्याचे मूळ केवळ माणसाच्या अंतःकरणात नसून घरबांधणी, पाणी, मजुरी व शासन यांतही आहे, याची ती कबुलीच होती.

यातून एक अवघड प्रश्न उपस्थित झाला. धर्मांतर हे साध्य नसेल तर मिशनने येथे राहावे कशासाठी? हा प्रश्न एकट्या नागपाड्याचा नव्हता. सेवेमागे धर्मांतराचा हेतू असू नये, असे गांधीजी याच सुमारास आग्रहाने सांगत होते. 1932 मध्ये अमेरिकेत हार्वर्डचे प्राध्यापक विल्यम हॉकिंग यांच्या अध्यक्षतेखालील समितीचा अहवाल प्रसिद्ध झाला. सेवाकार्य धर्मप्रसाराच्या ओझ्यातून मुक्त करावे, असे त्याचेही मत पडले आणि त्यावरून मिशनरी जगात मोठे वादळ उठले. नागपाड्याने हे तत्त्व अहवालापूर्वीच आचरणात आणले होते.

मात्र हे सारे श्रेय एका परदेशी मिशनऱ्याच्या पदरी घालणे इतिहासास धरून होणार नाही. विठ्ठल रामजी शिंदे यांनी 1906 मध्येच मुंबईत ‘भारतीय निराश्रित साह्यकारी मंडळी’ अर्थात डिप्रेस्ड क्लासेस मिशन स्थापिले होते. त्यांनी ‘मिशन’ हा शब्द घेतला, तो नव्या अर्थाने वापरण्यासाठी. ना. म. जोशी यांच्या सोशल सर्व्हिस लीगने 1911 पासून कामगारवस्तीत रात्रीच्या शाळा व वाचनालये चालविली होती. नागपाड्याची संस्था या आधीच वाहत्या प्रवाहात येऊन मिळाली, असे म्हणणे अधिक योग्य ठरेल.

तिचे खरे वैशिष्ट्य पुढच्या टप्प्यात दिसते. 1932 मध्ये सर दोराबजी टाटा यांच्या विश्वस्तनिधीची स्थापना झाली, आणि निधीच्या कार्याची दिशा ठरविण्यात मॅन्शार्ट यांचा सहभाग राहिला. सेवेला सद्भावना पुरत नाही, तिला शास्त्रीय शिक्षण हवे, या विचारातून 1936 मध्ये ‘सर दोराबजी टाटा ग्रॅज्युएट स्कूल ऑफ सोशल वर्क’ सुरू झाले. त्याचे पहिले संचालक मॅन्शार्ट होते आणि पहिले वर्ग नागपाड्याच्या त्याच वास्तूत भरले. 1941 मध्ये त्यांच्यानंतर जे. एम. कुमारप्पा संचालक झाले. 1944 मध्ये संस्थेस ‘टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेस’ हे नाव मिळाले. 1954 मध्ये तिची कायमची वास्तू देवनार येथे झाली आणि 1964 मध्ये तिला विद्यापीठसमान दर्जा प्राप्त झाला.

या इतिहासाचे मोल कसे करावयाचे? बाप्तिस्म्यांच्या नोंदींनी मोजले तर नागपाड्याचे कार्य जवळजवळ निष्फळ ठरेल. परंतु ज्या संस्थेने भारतात समाजकार्यास प्रशिक्षित व्यवसायाचे रूप दिले तिचे पहिले वर्ग येथे भरले, हे ध्यानात घेता तो निर्णय उथळ ठरतो. मिशनने आपले नाव मागे ठेवले म्हणून त्याची सेवा पुढे गेली.

तरीही एका हानीची नोंद केली पाहिजे. शाळा नागपाड्यातून अंधेरीस आणि तेथून देवनारला गेली. जागेची निकड पाहता ते अपरिहार्य असेल. परंतु त्यामुळे गरिबीचे ज्ञान गरिबाच्या उंबरठ्यापासून काहीसे दूर गेले. विद्यार्थी वस्तीत ‘क्षेत्रकार्या’साठी ठरलेल्या दिवशी जाऊ लागला, शेजारी मात्र रोजच तेथे असतो. बेथेलने गरिबाला त्याच्या वस्तीतून बाहेर नेले, नागपाड्याने सुशिक्षिताला वस्तीत आणले, आणि विद्यालयाने त्याला पुन्हा वस्तीबाहेर बसवून तिचा अभ्यास करावयास शिकविले. या तिन्ही पद्धतींचे गुणदोष वेगळे आहेत. त्यांतील मधली पद्धत सर्वांत अल्पकाळ टिकली, आणि तरीही पुढील सर्व कार्याची कसोटी तीच राहिली, असा प्रस्तुत लेखकाचा अभिप्राय आहे. मराठवाड्यातील शहरे आज ज्या वेगाने वाढत आहेत तो पाहता, ती कसोटी आपल्या विद्यार्थ्यांनी आपल्याच शहरांतील मोहल्ल्यांना लावून पाहावी. त्यातून संशोधनाचा एक नवा विषय निश्चितच हाती येईल.