शरणपूरची परदेशी बिऱ्हाडे

नाशिक म्हटले म्हणजे रामकुंड, पंचवटी आणि सिंहस्थाचा मेळा ही चित्रे मनश्चक्षूंपुढे उभी राहतात. यात्रेकरू येतो, स्नान करतो, क्षेत्रोपाध्यायाच्या वहीत आपले व आपल्या मुलाबाळांचे नाव नोंदवितो आणि आपल्या गावी परत जातो. परंतु याच क्षेत्राच्या पश्चिमेस, जुन्या गावठाणाबाहेर, एके काळी अशी काही बिऱ्हाडे नांदत होती, की ज्यांच्या पिढ्या कोणत्याही उपाध्यायाच्या वहीत सापडावयाच्या नाहीत. त्यांतील काही इंग्लंडातून व जर्मनीतून आलेली, आणि काही त्याहूनही चमत्कारिक रीतीने आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यावरून येथे येऊन पोचलेली. आज शरणपूर रोड हा नाशिकमधील एक गजबजलेला रस्ता आहे. दुकाने, कचेऱ्या व दवाखाने यांनी तो भरून गेला आहे. शरणपूर हे नाव कोणामुळे पडले, कोण कोणाला शरण आले, याची विचारपूस मात्र क्वचितच होते.

या कथेचा प्रारंभ पेशवाईच्या अस्तानंतर चौदा वर्षांनी होतो. १८३२ साली इंग्लंडच्या चर्च मिशनरी सोसायटीने नाशकात आपले ठाणे घातले. तेथे आलेल्या पहिल्या पाद्र्यांपैकी चार्ल्स फरार हे एक होत. त्यांच्यासमवेत त्यांचे कुटुंब व लहान मुले होती. (अहमदनगरास मुलींच्या शाळा चालविणाऱ्या आणि जोतीराव फुले यांनी ज्यांची शाळा पाहिली, त्या सिंथिया फरार निराळ्या, त्या अमेरिकन मिशनच्या होत्या व अविवाहित होत्या. नामसादृश्यामुळे पुष्कळदा घोटाळा होतो.) फरार यांचा मुलगा फ्रेडरिक हा ७ ऑगस्ट १८३१ रोजी मुंबईच्या किल्ल्यात जन्मला. म्हणजे आईबापांनी नाशकास बिऱ्हाड केले तेव्हा तो पाळण्यातीलच मूल होता.

परमुलखात संसार थाटणे ही त्या काळी किती यातायात होती, याची कल्पना आज सहजासहजी यावयाची नाही. आगगाडी नव्हती, थळघाटातून लोहमार्ग गेला तो १८६५ साली. मुंबईहून नाशकास यावयाचे तर पालखी, तट्टू अथवा बैलगाडी यांवाचून गत्यंतर नव्हते. घाटात सामान उतरावयाचे, पुन्हा चढवावयाचे, मुलांना ऊन लागू द्यावयाचे नाही, आणि वाटेवरच्या पाण्याचा तर भरवसाच नाही. घरात पटकी, हगवण व हिवताप यांची धास्ती बारमास. त्या काळच्या मिशनरी घरातील बाईला सकाळपासून उसंत म्हणून नसे. मुलांचे पाहावे, नोकरांना मोडक्यातोडक्या मराठीत कामे सांगावी, मुलींना शिवण व अक्षरे शिकवावी, दाराशी औषधाला आलेल्यांना पुड्या द्याव्या, आणि रात्री दिव्याशी बसून विलायतेस पत्रे लिहावी. ही पत्रे आफ्रिकेच्या दक्षिण टोकाला वळसा घालून जाणाऱ्या जहाजांतून चार-पाच महिन्यांनी पोचत. उत्तर हाती येईपर्यंत जवळजवळ वर्ष उलटे. तिकडे असलेल्या मुलाचा दात पडल्याची वार्ता आईस कळावी, तोवर त्याला नवा दात येऊन गेलेला असावयाचा.

तिकडे असलेला मुलगा, असे म्हणण्याचे कारण हे की, मुले फार दिवस इकडे ठेवावयाची नाहीत असा त्या लोकांचा दंडक होता. फ्रेडरिक तीन वर्षांचा झाला आणि त्याला थोरल्या भावासह इंग्लंडास, एल्सबरी गावी राहणाऱ्या दोन अविवाहित आत्या-मावश्यांच्या स्वाधीन करण्यात आले. रोगराईची भीती हे एक कारण खरेच, परंतु ते एकटेच नव्हे. आयेच्या कडेवर वाढणारे मूल आधी आयेची भाषा बोलू लागते, आणि पुढे ते ना धड साहेबाचे ना धड इकडचे होते, ही भीतीही तितकीच बलवत्तर होती. पुढे १८६५ साली मुंबईत जन्मलेल्या रुडयार्ड किपलिंगची कथा प्रसिद्धच आहे. सहावे वर्ष पुरे होण्याच्या आधीच त्याला इंग्लंडात परक्या घरी ठेवून आईबाप परतले, आणि त्या घरातील छळ तो जन्मभर विसरला नाही. फरारांची मुले त्या मानाने सुदैवी म्हटली पाहिजेत. काही वर्षांनी आईबाप रजेवर गेले, आयल ऑफ मॅन बेटात घर घेऊन मुलांसह राहिले, आणि मग पुन्हा मुलांना तेथील शाळेत ठेवून हिंदुस्थानात आले. दुसऱ्या वेळची ही ताटातूट अधिक कठीण; पहिल्या वेळी मुलगा अजाण होता, या वेळी तो जाणता झालेला होता.

हा फ्रेडरिक पुढे शिक्षक, लेखक व धर्मोपदेशक म्हणून इंग्लंडात नामांकित झाला. कँटरबरीच्या मुख्य मंदिराचा तो डीन होता. त्याची ‘एरिक’ ही शाळकरी मुलाची कादंबरी १८५८ साली निघाली आणि तिच्या आवृत्तींमागून आवृत्ती खपल्या. तिचा नायक आपल्या मावशीच्या घरी वाढतो, कारण त्याचे आईबाप हिंदुस्थानात असतात. एवढे एक पात्र उभे करताना लेखकाला कल्पनेला फारसा ताण द्यावा लागला नसावा. दुसऱ्या महायुद्धात नाव मिळविलेले फील्डमार्शल माँटगोमेरी हे याच डीन फरार यांच्या मुलीचे चिरंजीव. म्हणजे नाशकास राहून गेलेले ते पाद्री या सेनापतीचे पणजोबा लागत.

फरार यांच्या मागून विल्यम सॉल्टर प्राइस हे नाशकास आले. जे लोक ख्रिस्ती होत, त्यांना घर, भाऊबंद व पाणवठा या तिन्हींना मुकावे लागे. धर्मांतरामुळे वारसा बुडू नये असा कायदा सरकारने १८५० साली केला होता; पण कायद्याने विहीर थोडीच खुली होते! तेव्हा अशा कुटुंबांकरिता प्राइस यांनी १८५४च्या सुमारास गावाबाहेर वसाहत स्थापिली. तीच शरणपूर. प्रार्थनामंदिर, शाळा, अनाथालय, सुतारशाळा, लोहारशाळा आणि राहण्याची घरे अशी तिची रचना होती.

आता या वस्तीत आफ्रिकेची मुले कोठून आली, हे सांगितले पाहिजे. झांजीबारच्या बाजूने अरबी मचव्यांतून गुलामांचा व्यापार चाले. इंग्रजी आरमाराची जहाजे असे मचवे अरबी समुद्रात पकडीत आणि त्यांतील माणसांना पुष्कळदा मुंबईस आणून उतरवीत. प्रौढांची काहीतरी सोय लागे. प्रश्न मुलांचा असे. कोणाचे गाव जाळलेले, कोणाला सख्ख्या नातलगाने विकलेले, कोणाला आपल्या गावाचे नावही सांगता येत नसे. मुंबईत या मुलांचा प्रतिपाळ करण्यात कार्ल इझेनबर्ग या जर्मन पाद्र्याने पुढाकार घेतला. हा गृहस्थ आधी हबसाणात होता. त्याने अम्हारी भाषेचा कोश रचला होता; तेथून हद्दपार झाल्यावर तो मुंबईस आला. १८६० च्या सुमारास ही मुले नाशकास शरणपुरी नेण्यात आली.

येथे एक गोष्ट मनाला चटका लावून जाते. ज्या मिशनच्या पाद्र्यांनी आपली पोटची मुले तीन वर्षांची होताच नाशकातून दूर, त्यांनी न पाहिलेल्या ‘घरी’ धाडली, त्याच मिशनने ज्यांना घरच उरले नव्हते अशा मुलांसाठी नाशकात घर मांडले. आणि त्या मुलांना नावे दिली ती आपलीच. एकजण रिचर्ड इझेनबर्ग झाला, एक सायमन प्राइस, तर एक केरस फरार. आफ्रिकेतील यावो जमातीच्या एका मुलाचे मूळ नाव चेंग्विंबे होते. तो मॅथ्यू वेलिंग्टन झाला. नाव देणाऱ्याचा हेतू मायेचा असेल. परंतु त्यामुळे मुलाच्या आईने दिलेले नाव पुसले गेले, हेही नाकारता येणार नाही.

मुलगे सुतारकाम, लोहारकाम शिकत. मुली शिवण व घरकाम शिकत. इंग्रजी व हिंदुस्तानी त्यांना येई, आणि शेजारपाजारची मराठी कानावर सतत पडे. वयात आल्यावर त्यांची आपापसांत लग्ने होत व नवी बिऱ्हाडे उभी राहत. सकाळी घंटा, प्रार्थना, मग कामाची पाळी. सायंकाळी चुलीपुढे रडणारे पोर. हा दिनक्रम कोणत्याही कष्टकरी नाशिककराच्या दिनक्रमाहून फारसा भिन्न असण्याचे कारण नाही. भिन्न होती ती एकच गोष्ट. या घरांना आजी-आजोबा नव्हते. बाळंतपणाला माहेर नव्हते, आणि मुलाने ‘आपले गाव कोणते?’ असे विचारल्यास बापापाशी उत्तर नव्हते.

१८६५ साली डॉक्टर डेव्हिड लिव्हिंगस्टन हे सुप्रसिद्ध प्रवासी मुंबईस आले. गव्हर्नर सर बार्टल फ्रिअर यांचे ते पाहुणे होते. आपल्या शेवटच्या सफरीसाठी त्यांनी नाशिकच्या शाळेतून नऊ तरुण घेतले. त्यांपैकी रिचर्ड इझेनबर्ग वाटेतच मेला, बरेचसे कंटाळून सोडून गेले. पण एडवर्ड गार्डनर आणि नॅथॅनिएल ऊर्फ मब्रुकी हे दोघे अखेरपर्यंत राहिले. १८७२ साली आणखी सहाजण पाठविण्यात आले. त्यांत जेकब वेनराइट, केरस फरार व मॅथ्यू वेलिंग्टन होते. मे १८७३ मध्ये चितांबो नावाच्या गावी डॉक्टर वारले. त्यांचे हृदय झाडाखाली पुरण्यात आले, तेव्हा अंत्यविधी वाचला तो नाशकास शिकलेल्या जेकबने, आणि झाडाच्या खोडावर नाव व तिथी कोरली तीही त्यानेच. मग या लोकांनी तो देह वाळवून, गुंडाळून, शेकडो कोस समुद्रकाठापर्यंत खांद्यावर वाहून आणला. १८ एप्रिल १८७४ रोजी लंडनच्या वेस्टमिन्स्टर मंदिरात दफन झाले, त्या वेळी शवपेटिकेबरोबर चालणाऱ्या मानकऱ्यांत जेकब होता. पुढे दोनच वर्षांनी, १८७६ साली, फ्रेडरिक फरार त्याच मंदिरात कॅनन म्हणून नेमला गेला. नाशकास वाढलेला एकजण आणि नाशकातून पाठवून दिलेला दुसरा असे दोघेही तेथे येऊन गेले. 

इकडे शरणपुरावर वेगळाच प्रसंग ओढवत होता. १८७३ साली झांजीबारच्या सुलतानाने समुद्रमार्गे चालणारा गुलामांचा व्यापार बंद करण्याचा करार केला. सोडविलेल्या लोकांसाठी आफ्रिकेतच, नाशिकच्या नमुन्यावर, वसाहत असावी असे फ्रिअरसाहेबांनी सुचविले. त्याप्रमाणे १८७४ साली प्राइस मोंबासास गेले आणि तेथे ‘फ्रिअर टाउन’ वसले. वसाहतीला सुतार, लोहार, शिक्षक पाहिजेत. ते शरणपुराखेरीज कोठे मिळणार? तेव्हा दीडशेच्या आसपास आफ्रिकी माणसे पश्चिम हिंदुस्थानातून तिकडे नेण्यात आली. विल्यम जोन्स, इश्माएल सेम्लर व जॉर्ज डेव्हिड हे तर त्याआधी दहा वर्षे, १८६४ सालीच, मोंबासाजवळील रबाई येथे गेले होते.

मिशनच्या हिशेबी ही मंडळी ‘स्वदेशी’ परतत होती. पण हा हिशेब जरा घाईचा होता. ज्याला सहाव्या-सातव्या वर्षी उचलून नेले आणि जो बावीस-पंचवीस वर्षांचा होईपर्यंत गोदेच्या काठी वाढला, त्याचा स्वदेश कोणता? त्याच्या शरणपुरी जन्मलेल्या लेकराचा कोणता? मोंबासाच्या लोकांनी त्याचा निकाल तत्काळ लावला. पाटलोण घालणाऱ्या, इंग्रजी बोलणाऱ्या आणि तेथील स्वाहिली भाषा नव्याने शिकावी लागणाऱ्या या काळ्या माणसांना ‘मुंबईचे आफ्रिकी’ असेच नाव पडले आणि ते कायमचे चिकटले. साहेब पाद्री त्यांना गर्विष्ठ म्हणत, कारण ते वेतन वाढवून मागत. किनाऱ्यावरचे लोक त्यांना परके समजत. हिंदुस्थानात आफ्रिकेचे आणि आफ्रिकेत हिंदुस्थानचे, अशी त्यांची अवस्था झाली. तरी कामात ते मागे सरले नाहीत. शाळा त्यांनी चालविल्या, दुभाष्याचे काम त्यांनी केले. १८८५ साली बिशप हॅनिंग्टन यांनी जोन्स व सेम्लर यांस धर्मोपदेशकाची दीक्षा दिली. त्याच वर्षी जोन्स बिशपसाहेबांबरोबर बुगांड्याच्या वाटेवर निघाला. बिशप पुढे गेले व ऑक्टोबरात मारले गेले. मागे राहिलेल्या तांड्यास सांभाळून मोंबासास परत आणण्याचे बिकट काम नाशकास लोहारकी शिकलेल्या या माणसाने केले.

शरणपुरात देशी ख्रिस्ती कुटुंबे राहिली आणि त्यांची वस्ती पुढेही टिकली. आफ्रिकी बिऱ्हाडांची घरे मात्र रिकामी झाली. फ्रिअर टाउनमध्ये संकटाची सूचना देण्यास जी घंटा टांगली होती, ती आजही मोंबासात दाखवितात, आणि त्या चौकाला ‘केंगेलेनी’, म्हणजे घंटेजवळची जागा, असे म्हणतात. लिव्हिंगस्टनचा देह वाहून आणणारा मॅथ्यू वेलिंग्टन पुढे मोंबासातच कामधंद्याला लागला, म्हातारा झाला, आणि १९३५ साली तेथेच वारला.